एकही सामना न खेळलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चेंडू आहे आणि आयुष्यात एकही सामना खेळलेलो नाही.

मी गोलही नाही. दोन्ही टोकांना निमुळता, पाठीवर पांढरी वीण. आमच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू लाथेपेक्षा काखेतच जास्त असतो. तो घेऊन समोरच्या गर्दीतून पळत सुटायचं, हे ट्रेवन होल्कमचं काम. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या हातून चेंडू दोनदा निसटला. तो मी नव्हतो, माझा कुणी भाऊबंद होता. शिक्षा मात्र मला झाली.

सोमवारी कोच मॅकरे यांनी सरावाच्या चेंडूंच्या पिंपातून मला उचललं आणि ट्रेवनच्या छातीवर आदळलं.

"हा आता तुझा. जेवताना, गाडी चालवताना, झोपताना. कुणीही तो पाडू शकतं, मी सगळ्यांना सांगितलंय. आणि सामन्यात आणखी एकदा सुटला, तर सामान बांधायचं."

"किती दिवस, कोच?"

"मी विसरेपर्यंत. आणि मी काही विसरत नाही."

पिंप आणि सरावाचं मैदान सोडून मी पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. वाटलं, आता जरा जग बघू, जरा निवांत—

धप्प.

मी फरशीवर. वर ग्राबोव्स्कीचा पंजा. ट्रेवनच्या पुढे राहून त्याला वाट करून देणारा हा दीडशे किलोचा गडी.

"झोप झाली का, राजा?" तो ट्रेवनला म्हणाला.

मग रोजचंच झालं. जिन्यात धप्प. न्हाव्याच्या खुर्चीत धप्प. माझा एक विचार पूर्ण होईना. लिफ्टचं दार बंद झालं की वाटायचं, इथे तरी कुणी—

धप्प. ग्राबोव्स्की आधीच आत उभा होता.

ट्रेवन त्याच्यावर चिडत नसे. फक्त वाकायचा, मला उचलायचा आणि कोपराच्या बेचक्यात आधीपेक्षा थोडं घट्ट दाबायचा. रात्री झोपेतही त्याची बोटं माझ्या टोकावर चाळवत राहायची. ना त्याला स्वस्थता, ना मला.

नोव्हेंबरातल्या सणाला, टर्की पक्ष्याच्या जेवणाला, आम्ही त्याच्या आईकडे गेलो. ओडेसाबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"त्याला खुर्ची देते. ताट मागू नकोस."

"आई, हा खाली ठेवता येत नाही."

"मग एका हाताने जेव." एवढं बोलून त्यांनी रताळ्याचं भांडं पुढे केलं. ट्रेवनने हात लांब केला, तेवढ्यात लाकडी डाव सपकन माझ्यावर बसला. मी थेट रस्सावाटीत.

"तुझ्या कोचचा फोन आला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "कुणीही म्हणजे आईसुद्धा."

मित्रांनो, त्यानंतर मी कधीच पडलो नाही.

त्या हंगामात ट्रेवनइतकं कुणी धावलं नाही. हे मला लोकांच्या आवाजावरून कळायचं, कारण सामन्याच्या वेळी मी मैदानाकडेच्या बाकाखाली असायचो. शेवटच्या सामन्यात बर्फ पडत होता. आरडाओरडा वाढत गेला आणि एकदम थांबला. मैदानात दहा-बारा जणांचा ढीग झाला होता. चेंडू कुठे होता, कुणालाच दिसेना. मला श्वास असता तर मी तो रोखला असता. पंच एकेकाला उपसून काढत होते. सगळ्यांत खाली ट्रेवन होता, आणि...

"सोड रे आता!" ग्राबोव्स्की ओरडत होता. "सोड, शिट्टी झालीये!"

ट्रेवनची बोटं उघडत नव्हती.

फेब्रुवारीत वर्षातल्या सर्वोत्तम धावकाचा मान त्याला मिळाला. मंचावर तो मला घेऊनच चढला. कोचनी थांब म्हटलं नव्हतं. पण पितळी चषक जड होता, त्याला दोन हात लागत होते. तो घुटमळला. पहिल्या रांगेतून ग्राबोव्स्कीने पंजे पुढे केले. ज्याच्यापासून मला हंगामभर जपलं, त्याच्याच हाती ट्रेवनने मला दिलं.

"किती हलका आहे रे हा," ग्राबोव्स्की पुटपुटला.

चषकाला काचेचं कपाट मिळालं. मला गॅरेजमधलं खोकं. पाच वर्षं. हवा हळूहळू गेली, कातडं सुरकुतलं. स्वस्थता मिळाली होती, पण ती मला सोसेना. मित्रांनो, चषक पुसायला घरात कुणी ना कुणी असतंच. ज्याच्या जोरावर तो मिळाला, त्यालाही अधूनमधून हात लावत जा. आमची तेवढीच मागणी असते.

परवा गॅरेजचं दार वर गेलं. ग्राबोव्स्की काठी टेकत आला, आता गुडघे गेलेत त्याचे. त्याने खोकं उपसलं, कोपऱ्यातला पंप शोधला आणि माझ्यात हवा भरली. मागून ट्रेवन कॉफीचे दोन पेले घेऊन आला. त्याने पेले खाली ठेवले आणि मला उचललं. कोपराचं बेचकं तेच होतं.

"अजून जमतं का, राजा?" ग्राबोव्स्कीने विचारलं, आणि काठी भिंतीला लावून ठेवली.

त्याचा पंजा वर गेला. खाली आला.

मी जागचा हललो नाही.