टेकडीवरची एकच डोली

आमच्या टेकडीवर डोली एकच. निलगिरीच्या दोन वाशांना चामड्याच्या वाद्या विणलेल्या. आजारी माणूस तिच्यावरून खालच्या दवाखान्यात जातो आणि मेलेला माणूसही तिच्यावरूनच चर्चमागच्या मातीत. म्हणून माझी सून अस्कले तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती.

"माझी आई यावर झोपून खाली गेली आणि डोली रिकामी आली," ती म्हणाली. "आत्याबाई, मी घरीच बाळंत होणार. तुम्ही नाही झालात?"

झाले होते. सहा वेळा, याच चुलीपाशी. त्यातली तीनच जगली, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. नर्सनं पोट चाचपून बजावलं होतं, बाळ आडवं आहे, कळा सुरू व्हायच्या आत खाली या. मी बार्लीचं पीठ भाजून फडक्यात बांधलं होतं, लोणी कढवून बरणीत भरलं होतं. बाळंतिणीची लापशी तिथंच शिजवणार होते. आणि ही बया दाराला चिकटून बसलेली!

अंगणात शेजारचे बाप्ये डोली घेऊन खोळंबले होते. माझं डोकंच फिरलं. मी सरळ जाऊन डोलीवर आडवी झाले.

"आई, ऊठ!" माझा लेक गेताहुन ओरडला. "जित्या माणसानं असं उगाच झोपायचं असतं होय?"

"उचला मला. अंगणाला फेरी मारा."

त्यांनी मारली. भीतीनं माझे दात वाजत होते, खोटं कशाला बोलू. खाली उतरून मी सुनेला विचारलं, "मेले का गं मी?"

अस्कले हसली, मग रडली आणि डोलीवर चढली.

ऊन लागू नये म्हणून मी तिला पांढऱ्या शालीनं डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. अक्कल गहाण ठेवली होती मी! उतारावरच्या शेतातल्या बायकांनी ते पाहून ऊर बडवायला सुरुवात केली. पुरुष नांगर सोडून धावत आले.

अस्कलेनं शाल भिरकावली. "अजून आहे मी! रडताय कुणासाठी?"

बायका ओल्या डोळ्यांनीच खिदळल्या. पुरुष मात्र माघारी फिरले नाहीत. आमच्याकडे डोली दिसली की हातातलं टाकून खांदा द्यायचा, कुणाची ते विचारायचं नाही. एका गावानं खांदा दिला, मग दुसऱ्यानं. ओढ्याशी मी मागे वळून पाहिलं, तर अख्ख्या उतारावर माणसंच माणसं. ना ओळख, ना नातं. माझे पायच थबकले. मरणासाठी धावणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती. जन्मासाठी धावलेली त्या दिवशी पाहिली, आणि मरियम मातेचं नाव माझ्या तोंडून आपोआप आलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट कापून मुलगी काढली. मी बाहेर येऊन जीभ नाचवत आनंदाची आरोळी दिली, तेव्हा ती सगळी माणसं कुंपणाशी उभीच होती.

आठवड्यानं डोली घेऊन परतीचा चढ चढताना गेताहुन धापा टाकत म्हणाला, "जाताना एवढी जड नव्हती गं!"

"मग? आता दोघी आहोत," अस्कले म्हणाली.

अंगणात उतरल्यावर तिनं जरा थांबायला सांगितलं. डोलीवर जिथं तिच्या आईचं डोकं होतं, तिथं तिनं लेकीचं डोकं हलकेच टेकवलं.