अनयाचा वाफा

नीलाकाकू रोज सकाळी ज्या वाफ्याला पाणी द्यायच्या, त्यात काहीही पेरलेलं नव्हतं. शेजारच्या त्यांच्या स्वतःच्या वाफ्यात भोपळ्याचे वेल पसरलेले, मिरच्या लागलेल्या, मटकीसारख्या बारीक दाण्यांच्या शेंगा लोंबत असलेल्या. हा वाफा मात्र नुसताच ओला, भुसभुशीत आणि तण काढून स्वच्छ ठेवलेला. नवीन आलेली माणसं बघून हसायची. मग कुणीतरी त्यांना बाजूला घेऊन सांगायचं आणि ती गप्प व्हायची.

त्या उन्हाळ्याला आता चार वर्षं होत आली होती. जूनमध्ये वीज गेली ती गेलीच. वाळवंटातल्या चँडलरचा जून काय असतो, हे तिथे राहिलेल्यालाच माहीत. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, येईल संध्याकाळपर्यंत. तिसऱ्या दिवशी नळ कोरडे पडले. आठव्या दिवशी नीलाकाकूंचे यजमान गिरीशकाका गेले. आयुष्यभर कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात पाणी शुद्ध करणारा माणूस, पण शेवटी त्यांच्या घशात घालायला नीलाकाकूंकडे अर्धीच बाटली पाणी होतं. ते आठवलं की त्यांना अजूनही राग यायचा, आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही.

हायवेपलीकडे नदीच्या लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, जमीन होती. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपासून तिथे कालवे काढून शेती करत आलेले. तीस वर्षांत नीलाकाकू त्या बाजूला गेल्या होत्या त्या फक्त पाहुण्यांना कॅसिनोचा बफे खायला घालण्यासाठी. त्या जूनमध्ये मात्र अख्खं चँडलर पायी तिकडे निघालं, आणि नदीच्या लोकांनी मांडव घातले, कालव्याची दारं उघडली आणि आलेल्या प्रत्येकाला आधी पाणी पाजलं. पुढे डोंगरातून नव्हाहो आणि अपाची जमातींचे लोक आले, मेक्सिकन कुटुंबं आली. त्या सगळ्यांचं मिळून नदीकाठचं राष्ट्र झालं. झेंडा कसा असावा यावर दोन महिने भांडणं झाली आणि झेंडा राहूनच गेला. कायदे मात्र झाले, आणि त्यातला पहिला वाफ्यांचा.

ज्याचं माणूस हरवलंय, त्याला आपल्या वाफ्याशेजारी एक रिकामा वाफा मिळायचा. त्याला पाणी द्यायचं, तो भुसभुशीत ठेवायचा, पण पेरायचा नाही. माणूस आलं तर त्याची जमीन तयार. चार वर्षं वाट बघायची. चौथ्या वसंतात कालव्याचं दार उघडताना सगळ्यांसमोर विचारणा व्हायची. बातमी असेल तर वाफा आणखी एक वर्ष थांबणार, नसेल तर नवीन आलेल्या कुणाला तरी मिळणार.

नीलाकाकूंची मुलगी अनया अर्विंगला होती, टेक्सासमध्ये. फोन बंद पडायच्या आधी तिचा शेवटचा मेसेज आला होता: ‘मॉम, आय ॲम ड्रायव्हिंग डाउन. स्टे पुट.’ आणि नीलाकाकू थांबल्या नाहीत. गॅरेजच्या दारावर काळ्या मार्करने ‘नदीवर आहे’ असं लिहून त्या निघाल्या. चार वर्षांत सतरा वेळा त्या घरी जाऊन ती अक्षरं पुन्हा गिरवून आल्या होत्या.

यंदा दार उघडायच्या आठवडाभर आधी पूर्वेकडून एक तांडा आला. टेक्सासवरून आलाय म्हटल्यावर नीलाकाकू फावडं तिथेच टाकून मांडवाकडे धावल्या. अनयाचा कोपरे दुमडलेला फोटो एकेकापुढे धरत त्या विचारत सुटल्या. अर्विंगमध्ये होती, सत्तावीस वर्षांची, हनुवटीवर खूण आहे, पाहिलंत का? माणसं माना हलवत होती. शेवटच्या खांबाला टेकून एक मुलगी बसली होती. टाचा फुटून रक्त आलेलं, त्यावर फडकी बांधलेली.

“काकू, तुम्ही मराठी का?”

तिचं नाव सावनी. कऱ्हाडहून इंजिनीअरिंग करून डॅलसला एमएसला आलेली. शनिवार-रविवार अर्विंगच्या एका इंडियन ग्रोसरीत काम करायची. एवढं ऐकूनच नीलाकाकू तिच्या शेजारी बसल्या आणि अनयाबद्दल होतं नव्हतं ते सगळं बोलून गेल्या. सावनी ऐकत राहिली. तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली की नीट आठवून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंगडत वाफ्यापाशी आली.

“काकू, आठवलं. भेटली होती मला अनया. पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका शाळेच्या जिममध्ये राहत होतो. तिच्या गाडीचं पेट्रोल संपलं म्हणून ती वाटेतून परत आली होती. मग एका ग्रुपबरोबर नॉर्थला गेली. सारखी मराठीत म्हणायची, ‘आईकडे जायचंय. आई वाट बघत असेल.’”

नीलाकाकूंनी तिला मिठी मारली. बिचारीच्या टाचेवर पाय पडला तेही त्यांना कळलं नाही. मग त्यांनी वर्नेल्डाला गाठलं. नदीच्या लोकांतली ही सत्तरीची बाई सगळ्या वाफ्यांची व्यवस्था बघायची. पाण्याचं दार कसं धरायचं यावरून त्या दोघींचं पहिल्या वर्षी कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण नीलाकाकूंचे वडील राहुरीच्या कालव्यावर पाणी सोडणारे पाटकरी होते आणि त्यांना सगळं येत होतं. तेव्हापासूनच दोघींची मैत्री.

“बातमी आहे,” नीलाकाकू म्हणाल्या. “साक्षीदारही आहे.”

“मग त्या मुलीला आपण काय देणार?” वर्नेल्डाने विचारलं. “दुसरा वाफा शिल्लक नाही. तिला वरच्या वस्तीवर जावं लागेल.”

“मग जाईल.”

“नऊ दिवसांची वाट आहे, नीला. त्या पायांनी?”

नीलाकाकू परत फिरल्या. चार वर्षांनी आनंद झाला होता, तो त्यांना दुसऱ्या कुणाच्या टाचांसाठी सोडायचा नव्हता. दिवसभर त्या तेच वाक्य घोळवत होत्या. भाकरी थापताना म्हणाल्या, भांडी घासताना म्हणाल्या. आईकडे जायचंय. आई वाट बघत असेल. आणि भांडी घासतानाच त्यांचा हात थांबला.

अनया मराठी बोलायची नाही. पाच वर्षांची असताना शाळेत गेली आणि मराठी सुटली ती सुटलीच. पोळी वाढू का विचारलं तर ‘आय ॲम गुड, मॉम.’ रविवारच्या मराठी शाळेत तिने वर्षभर वहीत मांजरं काढली. नीलाकाकूंनी लाडीगोडी लावली, रागावून पाहिलं, एकदा तर अबोला धरला. तेव्हापासून तिने कधी ‘आई’ म्हटलं नव्हतं. ते ऐकायला नीलाकाकू वीस वर्षं आसुसल्या होत्या, आणि म्हणूनच त्या सकाळी त्यांनी ते न तपासता उराशी धरलं होतं.

खोटं होतं सगळं. पोरीने नियम ऐकला असणार मांडवात. बातमी असली तर वाफा राहतो, हे तिला कळलं होतं, आणि तो राहिला तर आपल्याला जमीन मिळणार नाही, हेही. तरी फुटक्या टाचांनी चालत येऊन ती खोटं बोलली होती. नीलाकाकूंना आधी तिचा संताप आला. मग खूप वेळ त्या राखेने माखलेले हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

दार उघडायच्या सकाळी सगळं राष्ट्र कालव्यावर जमलं. वर्नेल्डाने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली.

“अनया. नीलाची मुलगी. तिची काही बातमी?”

सावनी उठून उभी राहत होती. नीलाकाकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “बातमी नाही. वाफा हिला द्या.”

वर्नेल्डाने मान हलवून पुढचं नाव घेतलं.

पाणी चारीतून यायला दुपार झाली. नीलाकाकूंनी पदराच्या गाठीतले मेथीदाणे सोडून सावनीच्या हातावर ठेवले. सावनीने मूठ मिटली, पण पेरेना.

“काकू, मी सांगणार होते ना. तुम्ही का नाही म्हणालात?”

“अनया मराठी बोलायचीच नाही गं. ते वाक्य तुझं आहे ना?”

सावनीचा चेहरा रडवेला झाला. ती वाफ्याच्या बांधावर बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. कऱ्हाडला फोन नाही, विमान नाही, मध्ये दोन समुद्र. आई जिवंत आहे की नाही, तेही माहीत नाही.

“रोज गॅलरीत उभी राहत असेल ती,” ती म्हणाली. “तिला कोण सांगणार, मी आहे म्हणून?”

“सांगत असेल कुणीतरी,” नीलाकाकू म्हणाल्या. “तुझ्यासारखंच. शपथेवर खोटं.”

सावनी रडता रडता हसली. मग तिने डोळे पुसले आणि मेथी पेरली. चार वर्षं मऊ ठेवलेल्या मातीत दाणे सहज गेले. नीलाकाकूंनी फावड्याने बांध फोडून पाणी आत घेतलं. ते वाफ्यात हळूहळू पसरताना त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “सावनी, एकदा परत म्हण ना ते.”

“काय, काकू?”

“अनया काय म्हणायची ते.”

सावनीने हाताची माती झटकली.

“आईकडे जायचंय,” ती म्हणाली. “आई वाट बघत असेल.”

“हो गं बाळा,” नीलाकाकू म्हणाल्या, “बघतेय.”