राहीबाई दार लावत नाही

गहिनीनाथाच्या थोरल्या भावाचं, सहादेवाचं, ज्या वैशाखात लग्न झालं आणि दिवाळी सरताच नवी नवरी त्याच्याबरोबर ऊस तोडायला गेली, ते साल एकोणीसशे सत्तर. लग्नाआधी सहादेव नुसता एकटा गडी होता. बायको आली तसा मुकादमाच्या लेखी तो पुरा एक कोयता झाला, कारण नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आईबापांचा दुसरा कोयता. दोन्ही कोयते भांडीकुंडी घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले, आणि शेवगावच्या पुढं, मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या त्या गावात घर राखायला एकटी राहीबाई मागं राहिली.

राहीबाई ही गहिनीनाथाची आत्या. ऐन उमेदीत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून भावाच्या घरी आली ती कायमचीच. आई दरसाल सहा महिने उसाच्या फडात, त्यामुळं गहिनीनाथाला हिनंच वाढवलं. आता तो नगरला कॉलेजात शिकत होता आणि वसतिगृहात राहत होता. शनिवार आला की खोलीतली पोरं पिशव्या भरून आपापल्या गावी पळत. हा खिडकीत बसून त्यांच्या पाठी बघत राही. गावी जायचं म्हटलं तर सगळी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. जायचं कोणासाठी, असं त्याला वाटे. आत्या होती, पण आत्या काय, ती असतेच, असंही वाटे.

त्या वर्षी त्याला एक सोबत मिळाली. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या कुलथे सरांच्या मेव्हण्यानं परदेशातून एक छोटा कॅमेरा आणला होता. त्यात फिल्म घातली की हलती चित्रं निघत, आवाज मात्र नाही. सरांनी पोरांचं चित्रमंडळ काढलं. सोनईचा आसाराम दिग्दर्शक झाला, कारण त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. श्रीमंत नावाच्या शांत पोराच्या हाती कॅमेरा गेला, कारण त्याचा हात कापत नसे. गहिनीनाथाला काहीच येत नव्हतं. तो सामान उचलायचा, पण त्याला बोलावत होते, हे त्याला पुष्कळ होतं.

फिल्म महाग. पुरा सिनेमा काढणं आवाक्यातलं नव्हतं. सर म्हणाले, "रहस्यपटाची नुसती सुरुवात करू. ती जमली की पुढचं बघणारा आपल्या मनानं रचतो."

सुरुवात आसारामनं रचली. ओस गाव. बंद दारं. एक अनोळखी माणूस बूट वाजवत गल्लीतून येतो, त्याचे फक्त पाय दिसतात. एका घरात म्हातारी एकटी. पाय जवळ येतात, ती घाबरते, दार लावून आतून कडी घालते. पाय दाराशी थांबतात. संपलं.

"ओस गाव आणायचं कुठून?" श्रीमंतनं विचारलं.

"आमचं हाय की," गहिनीनाथ बोलून गेला. मंडळात तो पहिल्यांदाच काही बोलला होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि त्याचे कान तापले.

एका रविवारी सगळे एस.टी.नं गावी आले. गल्ली बघून आसारामनं कपाळाला हात लावला. दारांना कुलपं होती, माणूस नव्हतं, पण प्रत्येक घरापुढचं अंगण लख्ख झाडलेलं. जाताना लोक किल्ल्या राहीबाईपाशी ठेवून जात, आणि ती रोज सकाळी सगळ्यांची अंगणं झाडून काढी.

"आजी, ओस दिसायला पायजे हो गाव!"

"का म्हनून? लोकं काय मेल्यात का? कामाला गेल्यात," राहीबाई म्हणाली.

पोरांनी लिंबाचा पाला गोळा करून गल्लीभर टाकला. आसाराम तिकडं श्रीमंतला उभं राहायची जागा दाखवत होता, तोवर राहीबाईनं अर्धी गल्ली पुन्हा झाडली. पोरं हसून लोळली. शेवटी तिच्या हातातला खराटा काढून घेतला आणि तिला समजावलं. "आजी, तुमी आत बसायचं. बूट वाजलं की दारात यायचं, घाबरायचं आन् दार लावून कडी घालायची. येवढंच."

"येवढंच व्हय. बरं."

पायांचं काम आसाराम स्वतः करणार होता, पण त्याला श्रीमंतच्या शेजारी उभं राहून सूचना द्यायच्या होत्या. एन.सी.सी.चे नाल मारलेले बूट त्यानं गहिनीनाथाच्या पुढं टाकले. "घाल. तुझं तोंड न्हाई दिसायचं, काळजी करू नगं."

उन्हं कलल्यावर कॅमेरा सुरू झाला. गहिनीनाथ नाल वाजवत गल्लीतून चालत आला. बूट त्याला मोठे होते, टाचा निसटत होत्या. दार किलकिलं झालं. कलत्या उन्हानं दिपल्या डोळ्यांनी राहीबाईनं बाहेर बघितलं आणि, आलेल्याचं तोंड दिसायच्या आधीच, दार लावायचं सोडून ते सताड उघडलं. तोंडभर हसली. "ये," म्हणाली. तेवढ्यात फिल्म संपली. पुन्हा घ्यायला दुसरी नव्हती.

फिल्म धुवायला मुंबईला गेली आणि डिसेंबरात परत आली. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून सरांनी भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. चित्रं दोनदा दाखवली. मग दिवा लावला. सरांचा एक नियम होता. काम बघून झालं की एकेकानं पुढं यायचं आणि चुका सांगायच्या, पण फक्त स्वतःच्या. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही.

श्रीमंत आधी उठला. "दुसऱ्या वळणावर माझी सावली भिंतीवर पडली. माणूस एक येतोय आन् सावल्या दोन."

"मला वाटलं चोरानं भाऊ संगं आनलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"नियम," सर म्हणाले.

आसाराम उभा राहिला. "पाला कमी पडला. गाव ओस वाटत न्हाई, नुकतंच कुनीतरी जेवून उठल्यावानी वाटतंय. आन् म्हातारीला नीट समजावून सांगायला मी कमी पडलो. तिला भीतीच वाटंना. सगळा सिनेमा तिथं बसला. ही माझी चूक."

मग गहिनीनाथाची पाळी. त्याला वाटलं होतं, आपण पायच तर, आपल्याला कोण विचारतंय. पण सरांनी मान हलवून बोलावलं. तो धोतराच्या पडद्यापुढं जाऊन उभा राहिला. मघापासून त्याच्या मनात एक गोष्ट फिरत होती, आणि ती फिरताना त्याला आतून ऊब लागत होती.

"चूक माझ्या पायांची हाय," तो म्हणाला. "आत्याला भीती वाटली न्हाई, कारन तिनं माझं पाय वळखलं. बूट दुसऱ्याचं हुतं, पर चाल माझी. मी ल्हान असल्यापासून ती माझी चाल ऐकती. परका मानूस घ्यायला पायजे हुता."

आसारामनं मांडीवर थाप मारली. "खरंय लेका! घरचंच पोर चोर केलं आपन. म्हातारी घाबरंल कशी?"

सरांनाही पटलं. चष्मा पुसत ते म्हणाले, "हे खरं मूल्यमापन. चूक कुठं आहे ते कळलं." आणि गहिनीनाथाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

त्या रात्री गहिनीनाथाला वसतिगृहाची खोली एवढी रिकामी वाटली नाही. कोणीतरी आपल्याला नुसत्या पावलांवरून ओळखतं. आईला असं ओळखता आलं नसतं, बापाला तर नाहीच. या एका गोष्टीवर तो अख्खा महिना जगला म्हणा ना.

संक्रांत झाल्यावर सरांनी आणखी एक फिल्म मिळवली. ठरलं असं, की या खेपेला पाय आसारामचे, आणि गहिनीनाथानं गावी यायचंच नाही. तो आसपास आहे एवढंही आत्याला कळता कामा नये. "म्हातारीला सांगायचं, गहिनी आजारी हाय," आसाराम म्हणाला.

"आजारी नगं," गहिनीनाथ म्हणाला. "ती हिकडं यील चालत. अभ्यास हाय म्हना."

त्याला दोन वाटांनी वाटत होतं. म्हातारी खरंच घाबरणार, आतून कडी घालणार, ते त्याला बघवलं नसतं. पण ती घाबरली म्हणजेच तिनं आधी आपल्याला ओळखलं होतं, हेही पक्कं होणार होतं. तिनं घाबरावं, असं त्याला मनातून वाटायला लागलं. सगळी पोरं गेली त्या रविवारी तो खिडकीत बसून राहिला.

रात्री उशिरा पोरं परतली ती हसतच. गहिनीनाथ पुढं झाला. "घाबरली का?"

"भिंतीवर बघ आता," आसाराम म्हणाला. "तोवर न्हाई सांगायचं. पर काय रं आत्या तुझी! गुळाचा च्या पाजला, बाजरीची भाकर वाढली, पुन्यांदा च्या पाजला. एस.टी. चुकली आमची. निघतो म्हनलं की म्हनती, बसा की, घाई कशाची. श्रीमंतचा तर हातच सोडंना."

फेब्रुवारीत ती फिल्म आली. त्याच घोंगड्या, तेच धोतर. या खेपेला श्रीमंतची सावली कुठं पडली नाही. पाला भरपूर होता. आसारामचे पाय दमदार, टाच रोवून टाकलेले, गहिनीनाथाच्या चालीशी काडीचं साम्य नाही. पाय गल्लीतून येत होते, आणि गहिनीनाथानं बाकाची कड धरून ठेवली होती.

दार किलकिलं झालं. राहीबाईनं बाहेर बघितलं. दार सताड उघडलं. तेच तोंडभर हसू. तीच ओठांची हलकी हालचाल, "ये." एका हातानं पदर सावरला, दुसऱ्या हातानं आत बोलावलं. कॅमेरा मुका होता, पण ते ऐकू आल्यासारखं झालं.

दिवा लागला. सर नियमाप्रमाणे एकेकाला बोलावू लागले. श्रीमंत म्हणाला, "माझी चूक मला दिसत न्हाई." आसाराम म्हणाला, "मी तिला ह्या खेपेला चारदा सांगितलं हुतं, सर. घाबरून पन दावलं. ती म्हनली, समजलं." मग तो जागेवर जाऊन बसला.

गहिनीनाथ पुढं आलाच नाही. बाकावरूनच म्हणाला, "मी नव्हतोच ह्यात."

सरांनी त्याला पुढं बोलावलं नाही. हळूच एवढंच बोलले, "रहस्यपट नाही झाला हा." फिल्म डबीत घालून त्यांनी कपाटात ठेवली. मंडळानं पुढं कॉलेजच्या क्रीडादिनाची चित्रं घेतली, तिथं घाबरायचं कोणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ तास बुडवून गावी गेला. दुपार टळत होती. राहीबाई दुसऱ्याच्या अंगणात खराटा फिरवत होती. त्याला बघून तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"गैन्या? आज कसा रं? अभ्यास झाला का समदा?"

"झाला."

दोघं घरात आली. तिनं चूल पेटवली. तो उंबऱ्यापाशी बसला. मग म्हणाला, "आत्या, पयल्या खेपेला बूट वाजलं तवा तू दार का उघडलंस?"

"कंचं दार?"

"शिनेमाचं."

"हा, ते. आरं, त्या पोरांनी सांगितलं हुतं, घाबर म्हनून. मी घाबरायचं म्हनूनच बसले हुते की आत. लई येळ बसले. मग पाय वाजलं, आन् इसरले बघ." ती स्वतःशीच हसली. "रागावली का रं पोरं?"

"न्हाई. पर पाय कुनाचं हुतं ते ठाव हुतं का तुला?"

"त्या आडदांड पोराचं. सोनईचं का कुठलं ते."

"ते दुसऱ्या खेपेला. पयल्या खेपेला माझं हुतं."

राहीबाई फुंकणी हातात धरून त्याच्याकडं वळली. "तुझं हुतं व्हय?" तिला नवल वाटलं. मग त्याचं तोंड बघून ती घाईनं म्हणाली, "मी म्हनलं, कुनीतरी आलं."

"आन् खरंच चोर असता तर?"

"असता तर च्या पिऊन गेला असता. दिवाळीपासनं ह्या गल्लीत कुत्रं सोडून काय चालत गेलंय? आन् तू रं? तुझी चाल मला कशी ठाव असंल? चप्पल घालाया लागलास, शाळंला गेलास, मग नगरला. तू येतूस कवा?" तिनं हे चिडून म्हटलं नव्हतं. चुलीत फुंकर घातली, धूर डोळ्यांत गेला, पदरानं डोळे पुसले, आणि गुळाचा खडा फोडायला बसली.

गहिनीनाथानं पुढं होऊन फुंकणी हातात घेतली. त्याला वाटत होतं, त्या दारामागं बसून कोणीतरी आपली वाट बघतं. ती वाट बघत होतीच, फक्त कोणाची ते तिनं ठरवलं नव्हतं. नगरच्या खिडकीत बसून तो जे करत होता तेच ती इथं करत होती, आणि मधे एका एस.टी.चं अंतर होतं.

त्यानंतर तो दर शनिवारी गावी जाऊ लागला. गल्लीच्या तोंडापासून जरा पाय आपटतच चाले. आपली चाल तिच्या कानी बसावी, एवढाच हेतू. दर खेपेला तो दाराशी पोचायच्या आधीच दार उघडे, आणि दर खेपेला ती हसून "ये" म्हणे. तिनं ओळखून उघडलं की नुसतं कोणी आलं म्हणून उघडलं, हे त्याला कधी कळलं नाही. विचारायचं त्यानं सोडून दिलं. भाकरी खाऊन दोघं दारात बसत, ती गल्लीतल्या एकेका बंद घराची हकीकत सांगे, आणि रविवारी दुपारी तो परत जाई.

राहीबाई एकोणीसशे एकाहत्तर सालच्या मार्चात, होळीनंतरच्या मंगळवारी, सकाळी वारली. ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा कारखान्यावर होत्या आणि गहिनीनाथ नगरला होता.