चार ते आठच्या मधली पानं

निन्केने शेवटच्या पानाची पांढरी कडा ओढायला घेतली. ही रेघ श्वास रोखून एका दमात ओढायची असते. मध्येच थांबलं की जोड दिसतो. रेघ देठापाशी येऊन मिटली तेव्हा तिने कुंचला खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. टेबलाचा गोल फळा भिंतीला टेकवून उभा होता. तांबड्या जमिनीवर कडेकडेने फुलापानांची वेल फिरत गेली होती आणि आता तिची दोन्ही टोकं एकमेकांना भेटली होती.

बाबा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे रंगवत. बाराला सुरुवात, उजवीकडून फिरत पुन्हा बाराला शेवट. फेब्रुवारीत ते गेले तेव्हा वेल आठपर्यंत आली होती. आठ ते बारा निन्केचं. त्याला नऊ दिवस लागले.

त्यातले बरेच दिवस रंगवण्यात नाही, विसरण्यातच गेले. एकोणीस वर्षं ती परदेशात, पोर्तोत होती, जुन्या इमारतींच्या निळ्या फरशा दुरुस्त करत. दुसऱ्यांची वळणं गिरवता गिरवता तिचं स्वतःचं असं एक पान तिथे तयार झालं होतं. बाबांना पाठवायच्या कार्डांवर ती मजकूर लिहीत नसे, ते पानच काढून पाठवी. बाबांचं उत्तर एका ओळीचं असायचं. कार्ड मिळालं. कागद जाड आहे.

तिच्या गावचं, हिंडेलोपनचं पान वेगळं. आखूड, भरलेलं, टोक खाली वळवलेलं. लहानपणी गिरवलेलं ते पान तिने मनगटात पुन्हा बोलावलं. ते आलं, पण बोलावल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखं, जरा अवघडून.

चार ते आठच्या मधली बाबांची पानं बिघडलेली होती. लांबट झालेली, टोकं वर गेलेली, कडेची रेघ थरथरलेली. शेवटी हातात जोर उरला नसणार. निन्केने त्यांना हात लावला नाही. आठच्या पुढे मात्र तिने बाबांचं जुनं पानच काढलं, त्यांचा हात धड असता तर त्यांनी काढलं असतं तसं.

दार न वाजवता वोपके आत आला. शेजारचा सुतार, टेबल त्यानेच घडवलेलं.

"येतेय म्हातारी. बांधावरून, वाऱ्याशी भांडत."

"कोण जिंकतंय?"

"वाऱ्याचं काही खरं नाही."

आउक्ये आत आली. वय एक्याऐंशी. नवऱ्याच्या रंगकामाला तिने चाळीस वर्षं पांढऱ्या कडा काढून दिल्या होत्या आणि तिच्या नजरेबद्दल गावात कुणी वाद घालत नसे. हे टेबल तिने नातीच्या लग्नासाठी सांगितलं होतं. दफनाच्या दिवशीच, हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता, तिने निन्केला बजावलं होतं, "पुरं कर. पण हात गावचा हवा. नसला तर तेवढं खरवडून टाकायचं, सांगून ठेवते."

ती बसली नाही. चष्मा लावून फळ्यासमोर उभी राहिली. बाराला बोट धरलं आणि रंगाला न लावता ते वेलीवरून फिरवत नेलं. एक. दोन. तीन. चारवर बोट थांबलं.

"इथे थांबला डाउवे, तुझा बाप."

तिने चष्मा नाकावर वर सरकवला.

"इथून तुझं. लपत नाही गं पोरी. लांबट पान, टोक आभाळाकडे. तुझ्या कार्डांवर असायचं हे. कार्ड आलं की प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या दारातच उभा राहायचा तो, एकेकाला धरून दाखवायचा. आमचे पाय गोठायचे थंडीत, पण पाहिल्याशिवाय सुटका नाही."

निन्केने स्वच्छ पुसलेला कुंचला पुन्हा पुसायला घेतला.

"आणि ही रेघ बघ, कशी थरथरलीय. रडत रंगवलंस का?" बोट पुढे सरकलं, आठपाशी आलं. "इथून मात्र ताळ्यावर आलीस. हे आपलं पान. म्हणजे येतं तुला. मग मध्येच हा परदेश कशाला घुसवलास?"

"परदेश!" वोपके म्हणाला. "तुझ्या पणजीच्या ठेवणीतल्या झग्याचं छापील कापड कुठलं? हिंदुस्थानातलं. खलाशाच्या पेटीतून न उतरलेली एक वेल दाखव मला या गावात."

"दोनशे वर्षं राहिली की ती गावची होते, वोपके. मला तेवढा वेळ नाही. लग्न जूनमध्ये आहे." ती निन्केकडे वळली. "चार ते आठ खरवड आणि शेवटी काढलंयस तसं पुन्हा काढ. मग मी नेते."

वोपकेने बोलायला तोंड उघडलं. निन्केने त्याच्याकडे पाहिलं. तो खिशात पेन्सिल शोधू लागला. पेन्सिल त्याच्या कानावर होती.

एक वाक्य पुरलं असतं. ते बाबांचं आहे. आउक्येने चष्मा काढला असता, खुर्ची ओढून बसली असती. आणि संध्याकाळपर्यंत बंदरावरच्या गप्पांच्या बाकावर ठरून गेलं असतं, की शेवटी शेवटी डाउवेचा हात गेला होता. निन्केने तरी नऊ दिवस दुसरं काय ठरवलं होतं?

"मी खरवडणार नाही, आउक्येमावशी."

"मग मला नको हे."

"दुसरं करून देते. बारापासून बारापर्यंत, गावच्या पानाचं. जूनच्या आधी."

"शनिवारचं विमान आहे ना तुझं?"

"होतं."

आउक्येने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आणि हे असलं कोण घेणार?"

"राहील माझ्याकडे."

"हट्टात मात्र बाप उतरलाय," आउक्ये म्हणाली आणि डोक्याचा रुमाल आवळून वाऱ्यात निघून गेली.

वोपके खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला.

"सांगायचं होतंस तिला."

"काय सांगू, काका? माझं पान मलाच ओळखू आलं नाही. मला वाटलं, आजारपणामुळे."

"आजार डिसेंबरातला. हे तो ऑक्टोबरपासून शिकत होता." वोपके अजून खिडकीकडेच तोंड करून होता. "माझ्याकडून फळकुटं न्यायचा. जमलं नाही की संध्याकाळी आणून माझ्या शेगडीत घालायचा. म्हणायचा, मनगट फिरतच नाही रे, पोरगी कशी फिरवते कोण जाणे."

"मला विचारायचं ना."

"म्हटलं मी, फोन कर. तर म्हणे, फोनवर मनगट दिसतं का? ख्रिसमसला येणारच आहे, तेव्हा विचारतो."

ख्रिसमसला निन्के आली नव्हती. काम अडलं होतं. काय काम, ते आता तिला आठवेना.

"एखादं फळकूट राहिलंय का, जळायचं?"

"नाही गं. नीट जाळायचा तो."

वोपके नव्या फळ्यासाठी लाकूड बघायला गेला. दार लागल्यावर निन्के टेबलासमोर गुडघ्यांवर बसली. कोरडा कुंचला तिने चारच्या पहिल्या पानावर, रंगाला न लावता, धरला आणि बाबांच्या रेघेवरून त्यांच्याच गतीने नेऊ लागली. पान वर वळतं तिथे रेघ अडखळली होती, दोनदा. तिथे ती थांबली.

"मनगट नाही, बाबा," रिकाम्या खोलीत ती म्हणाली. "कोपर उचलायचं."