दोन टब माती

थोरले दीर गेले आणि जाऊबाईंचं जग गच्चीएवढं उरलं. खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ आणि तिचा नवरा राहायचे, वरच्या खोलीत जाऊबाई. सकाळी त्या चहाला खाली यायच्या, काही विचारलं तर 'बरं आहे' म्हणायच्या आणि पुन्हा जिना चढायच्या. गच्चीवर आंघोळीचे तीन जुने टब होते, तडा गेलेल्या बादल्या होत्या, त्यांत पालक, मुळा असं काहीबाही हिरवं नेहमी डोलत असायचं. उन्हं कलली की जाऊबाई तिथेच काठाशी बसून राहत. हाक मारली तर ती त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागे, जणू त्या पाण्याच्या तळाशी बसल्या आहेत.

धाकटी विद्यापीठात मातीचा अभ्यास करायची. डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव मातीत नांदतात आणि त्यांच्यावाचून रोप धड उभं राहत नाही, हा तिचा विषय. त्या वर्षी तिच्या गटाकडे एका वस्तीचं काम आलं होतं. शहराच्या कडेला नव्या इमारतींत हलवलेली कुटुंबं होती ती. धान्य मिळायचं, पण ताजी भाजी लांब आणि महाग. इमारतींच्या मागे बायकांनी वाफे केले होते. बी रुजायचं, दोन पानं काढायचं आणि पिवळं पडून मान टाकायचं. जमीन म्हणजे पाडलेल्या घरांचा राडारोडा आणि वर पसरलेला मुरूम. खत घालून झालं, पाणी झालं. तपासलं तर मातीत जीवच नव्हता म्हणा ना.

"हिला विरजण लावायला हवं," धाकटी बैठकीत म्हणाली. दुसरीकडची जिवंत माती कालवायची, वर भाजीची देठं-सालं घालून ओल धरायची आणि वाट बघायची.

कुठली माती चांगली ते बघायला प्रत्येकाने घरून चमचाभर आणली. जाऊबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ने की. चमचा तेवढा धुऊन ठेव."

गच्चीवरची माती सगळ्यांत जिवंत निघाली. धाकटीला आनंद झाला. पण आता चमच्याने भागणार नव्हतं.

ती गच्चीवर गेली तेव्हा दुपार पेंगुळली होती. भिंतीवर पानांच्या सावल्या हलत होत्या.

"जाऊबाई, ही माती हवी होती. बरीच हवी होती."

जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मोठ्या टबाकडे बघत म्हणाल्या, "ह्यात हे पाय सोडून बसायचे. रोज दुपारी, पालकाच्या मधोमध. मी म्हणायचे, अहो, ती भाजी आपल्याला खायची आहे. तर म्हणायचे, म्हणून तर चव येते."

दोघी हसल्या. मग जाऊबाईंनी मातीवर हात ठेवला.

"तू म्हणतेस ना, माणसाच्या अंगावरही असतात ते जीव. मग ह्यांचे काही असतील का गं हिच्यात अजून?"

हो म्हणणं किती सोपं होतं. कोण पडताळायला येणार होतं? धाकटीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "माणसाच्या अंगावरचे मातीत फार टिकत नाहीत. मला नाही वाटत असतील असं."

"बरं," जाऊबाई म्हणाल्या आणि पाण्याची झारी घेऊन उठल्या.

त्यानंतर त्या चहालाही खाली येईनाशा झाल्या. धाकटी कप वर नेऊन ठेवायची आणि गार झालेला परत आणायची.

"जरा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?" नवऱ्याने विचारलं.

"उद्या त्यांना कळलं असतं म्हणजे?"

"कोण सांगणार होतं?"

"मीच. माझ्या पोटात काही राहतं का?"



मग एका दुपारी जाऊबाई बाहेर जायच्या कपड्यांत जिन्यात उभ्या दिसल्या. "तू काय बघतेस ते मला दाखव," म्हणाल्या. दीर गेल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

प्रयोगशाळेत शांतता होती. कुठलंसं यंत्र एका लयीत घरघरत होतं. धाकटीने टबातली माती पाण्यात कालवून काचेवर थेंब ठेवला आणि जाऊबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग धुकं निवळलं. बुरशीचे पांढरे धागे एकमेकांत गुंतून लांबवर गेले होते, मधून चमकते ठिपके थरथरत होते, आणि एक पारदर्शक किडा सावकाश वळसे घेत धाग्यांमधून निघाला होता.

"हा बघ," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "अगदी ह्यांच्यासारखा चाललाय. घरातून निघाला खरा, पण कुठे जायचंय ते विसरलाय."

खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर उतरलं, तरी त्यांनी डोळा काढला नाही. धाकटीने घाई केली नाही.

"हे सगळे खातात काय?"

"तुम्ही टाकता ती सालं, देठं. मेलेली मुळं. आणि एकमेकांना."

"म्हणजे इतकी वर्षं मी एवढ्या जणांना जेवू घालत होते," जाऊबाई म्हणाल्या, "आणि मला वाटत होतं, आता घरात माझ्यावर अवलंबून कोणी उरलं नाही." मग डोळे पुसून उठल्या. "दोन टब ने. मोठा राहू दे."

वस्तीवर माती नेली तेव्हा त्याही सोबत गेल्या. शिवणकाम करणारी एक बाई वाफ्यांची पुढारी होती. तिच्याशी जाऊबाईंचं पहिल्याच दिवशी वाजलं, माती किती खोल कालवायची यावरून. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच सावलीत बसून देठं निवडत होत्या. मग जाऊबाई रोजच जाऊ लागल्या. येताना नखांत माती आणि तोंडात तिथल्या गोष्टी.

सगळीकडे काही उगवलं नाही. भिंतीकडचा कोपरा तसाच उजाड राहिला, आणि धाकटीला अहवालात तसं लिहावं लागलं. पण मधल्या वाफ्यांत पालक गुडघ्याशी आला. पहिल्या कापणीच्या जुड्या घरोघर गेल्या, तेव्हा जिन्याजिन्यांत ओल्या पानांचा वास भरून राहिला.

पुढे शिवणवाली जाऊबाईंना भीतभीत म्हणाली, "माझी बहीण पलीकडच्या वस्तीत राहते. तिथेही असाच मुरूम आहे. ह्यातली पिशवीभर माती नेऊ का?"

"मला काय विचारतेस? वाफे तुमचे," जाऊबाई म्हणाल्या. "पण थांब, मीही येते. तू फार खोल कालवतेस."

दोघी माती घेऊन पलीकडच्या वस्तीत गेल्या, त्या दिवशी धाकटी घरी पोचते तोच फोन वाजला. पलीकडून बायकांच्या बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता.

"अगं, ही बहीण काही सोडत नाही बघ," जाऊबाई सांगत होत्या. "मी जेवूनच येईन. तुम्ही दोघं माझ्यासाठी थांबू नका."

धाकटी हो म्हणाली. मग तिने दोघांची पानं वाढली आणि नवऱ्याला हाक मारली.