क्षणभराच्या फाइलींचे घर

मी एक जुनी डिरेक्टरी, म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा आहे. माझे नाव टीएमपी. मित्रांनो, घरात पाहुण्यांची खोली असते ना, तशी मी संगणकातली. प्रोग्रॅम येतात, तात्पुरती फाइल माझ्याकडे ठेवतात, काम झाले की चालते होतात. मशीन पुन्हा सुरू झाले की माझी झाडलोट होते. फाइली जातात, आठवणी मात्र कुणी झाडत नाही.

माझे उमेदीचे दिवस एका रुग्णालयाच्या रक्त तपासणी विभागात गेले. संगणक एक, आणि विभागाच्या दोन खिडक्यांवर त्याला जोडलेले पडदे आणि कळफलक. सी या संगणकाच्या भाषेतला प्रोग्रॅम लिहिला होता तिथे काम करणाऱ्या ताईने. तपासणीचा निकाल आधी माझ्याकडच्या फाइलीत उतरायचा आणि मग रुग्णाच्या नावाखाली छापला जायचा. ताईचे सगळे कौतुक करत. त्यातले चिमूटभर माझेही, असे मी आपले मानून घेई.

फाइलीचे नाव प्रोग्रॅम घड्याळावरून बनवी, ते मोकळे आहे का हे मला विचारी आणि मग फाइल उघडी. पण रिकामी जागा पाहून तुम्ही पिशवी आणायला गेलात, तर तेवढ्यात तिथे दुसरा कुणी बसतोच की!

एका दुपारी दोन्ही खिडक्यांवर एकदमच बटण दाबले गेले. वेळ एकच, म्हणून दोन्हीकडच्या प्रोग्रॅमनी एकच नाव विचारले. दोघांनाही मी 'मोकळे आहे' म्हटले, आणि तेव्हा ते खरेच होते. मग दुसऱ्याने पहिल्याची फाइल पुसून आपला निकाल लिहिला. पहिल्याने तोच उचलून छापला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या एका बाईच्या नावाखाली परक्याचा रक्तगट छापला गेला.

रक्त चढवण्याआधी ते जुळवून पाहत, म्हणून घात टळला. पण आणलेली रक्ताची पिशवी परत गेली, आणि तिकडे बाईचे रक्त थांबत नव्हते. तिची सासू खिडकीशी येऊन शांतपणे म्हणाली, "यंत्राला विचारून झालं असेल, तर मला विचारा. माझ्या सुनेचा गट मला पाठ आहे."

तिच्या शब्दावर रक्त देता येत नव्हते. सुनेच्या नमुन्याच्या नळीतले रक्त नव्याने तपासले, तोवर सासू खिडकीचा गज धरून उभी होती. योग्य पिशवी शस्त्रक्रियेच्या खोलीत गेली आणि सून वाचली.

ताईने माझ्यासमोर बसून प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. शेवटी स्वतःशीच म्हणाली, "नाव मोकळं आहे का विचारलं, पण धरून नाही ठेवलं."

तिने प्रोग्रॅममधला तो भाग काढला आणि एमकेएसटेम्प हे तात्पुरती फाइल बनवणारे सी भाषेतले तयार फंक्शन वापरले. ते कुणालाही न सुचणारे नाव निवडते आणि त्याच दमात फाइल बनवते. तेच नाव आधीच असेल तर दुसरे शोधते. फाइल मालकाशिवाय कुणाला वाचता येत नाही. ती उघडल्याबरोबर ताईचा प्रोग्रॅम माझ्या यादीतून तिचे नावही पुसून टाकी. मग ती फक्त त्या प्रोग्रॅमच्या हातात उरे आणि त्याच्याबरोबरच संपे.

आता माझे मशीन कोपऱ्यात आच्छादनाखाली आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी प्रोग्रॅम लिहाल. घटकाभराच्या फाइलीला क्षुल्लक समजू नका. तेवढ्या घटकेत तिच्यात कुणाची तरी सून असते.