टेसी पेनॉकचा कबुलीचा कागद

“सहा,” सिबिला म्हणाली. “आजोबांना सहा मुलं. बरोबर ना, टेसीआत्या?”

घराण्याची हकीकत लिहायला बसलेली भाची भिंतीवरच्या चौकटीतलं लिननचं कापड वाचत होती. बारा वर्षांच्या टेसीने ते शाळेत रंगीत धाग्यांनी भरलेलं. वर अक्षरं, मध्ये वेलीचा हार, खाली आईवडील आणि भावंडं, नावं नि जन्मदिवसांसकट. भावंडांतल्या पहिल्या नावाच्या वर एक हरीण. टेसी आता बासष्टची. चाळीस वर्षं शिवण शिकवताना मुलींना तिने एकच सांगितलं होतं, मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ हवी.

“बरोबर,” ती म्हणाली.

आम्ही क्वेकर पंथाची माणसं शपथ घेत नाही. घेतली तर एरवी खोटं बोलायची मोकळीक असल्यासारखं होईल. टेसी स्वयंपाकघरात जाऊन कागद घेऊन बसली. चूक झाली की ती ज्याची त्याने आपल्या हाताने लिहायची, आणि पंथाच्या सभेत वाचली जाताना उभं राहून ऐकायची, ही आमची रीत.

*

मी, टेसी पेनॉक, आज भाचीशी खोटं बोलले. आम्ही भावंडं सात. जोएलचं नाव

इथे तिने काट मारली. आजचं खोटं कबूल करणं फार सोपं होतं.

*

मी, टेसी पेनॉक. इंग्रजांशी लढाई लागली तेव्हा माझा थोरला भाऊ जोएल बंदूक घेऊन गेला. हत्यार धरणं आमच्यात मना, म्हणून सभेने त्याला सभासदांतून काढलं. बातमी शाळेत आली. जेवताना मुली माझ्याकडे बघत. बाईंनी सांगितलं म्हणून मी कापडावरचं त्याचं नाव उसवलं

हेही खोडलं. बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं.

*

मला कोणी सांगितलं नाही. सभेने काढलं म्हणजे घरातूनही गेला, असं मी धरलं. धागा सुईच्या टोकाने एकेक करून काढला. भोकं दिसत राहिली म्हणून त्यावर हरीण भरलं. बाई म्हणाल्या, सुरेख आहे.

सुट्टीत घरी गेले, तर लढाईवरून परतलेला जोएल टेबलाशी बसून वाटाण्याचं सूप ओरपत होता. सभासद नव्हता, मुलगा होता. आईने त्याची खुर्ची हलवलीच नव्हती. मी कापड उलगडलं. सगळे नावं वाचू लागले आणि मग थांबले. आई चुलीकडे वळली. जोएलने हरणावर बोट ठेवलं.

“हा मीच ना गं, टेसी? शिंगं बाकी झकास काढलीस.”

सगळे हसले. मी हो म्हणाले.

नंतर तो ओहायोत गेला. तिथेच वारला. मी त्याला दुसरं काही सांगितलं नाही.

हा मजकूर तिने खोडला नाही.

*

महिन्याच्या सभेत बायकांच्या बाजूला टेसी उभी राहिली. कागद वाचला गेला. म्हातारी ड्रुसिला म्हणाली, की यात सभेचा कुठला नियम मोडलाय ते काही तिला सापडत नाही, आणि बारा वर्षांच्या पोरीला आता कोण काय म्हणणार. बाकीच्यांनी माना हलवल्या. कागद प्रेमाने परत दिला गेला. पुढचा विषय छपराच्या फळ्यांचा होता.

टेसी थोडा वेळ तशीच उभी होती. बस म्हणून शेजारणीने तिची बाही ओढली.

घरी तिने कागद सिबिलापुढे ठेवला. सिबिलाने तो वाचला, पुन्हा वाचला. मग सहा नावांच्या डोक्यावर, समासाच्या पट्टीत, बारीक अक्षरात जोएलचं नाव घातलं.

“जन्म?”

“नववा महिना.” महिन्यांची नावं आम्ही घेत नाही, आकडेच सांगतो.

“दिवस कोणता?”

टेसीने चौकटीतल्या हरणाकडे पाहिलं. बाकी सगळ्यांचे दिवस तिला पाठ होते.

सिबिलाने लेखणी धरून वाट पाहिली. मग एका आकड्यापुरती जागा सोडून तिने पुढे लिहायला घेतलं.